पालक आणि पाळणाघर : विश्वास रोजच्या रोज कसा जमवायचा

पाळणाघर चालवणाऱ्या बहुतेक जणींना मुलं सांभाळणं जड जात नाही, जड जातात ते पालक. पालकांना विचारलं तर तेही सांगतील की मूल छान रमलंय, पण तिथल्या ताईंना काही विचारायचं म्हटलं की चार वेळा शब्द जुळवावे लागतात. भलं दोघांनाही एकाच मुलाचं हवं असतं, तरी मध्ये अवघडलेपण राहतंच. एकीकडे आपलं मूल दुसऱ्याच्या हाती सोपवल्याची टोचणी असते, दुसरीकडे दिवसभर राबूनही कामाची कदर होत नाही ही सल. त्यात महिन्याच्या महिन्याला पैशांचा व्यवहार.

यावर 'हसतमुख राहा, संवाद वाढवा' असा सल्ला सगळीकडे मिळतो. माझ्या मते तो अपुरा आहे. पालकांचा विश्वास बसतो तो माहितीवर. दिवसात काय घडलं ते खरं, वेळेवर आणि न विचारता कळत गेलं की ते निर्धास्त होतात. त्यातही चांगल्या बातमीपेक्षा वाईट बातमी कशी कळली, यावर सगळं ठरतं. यूरी ब्रॉनफेनब्रेनर या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली मांडलं की मुलाची वाढ घर कसं आहे आणि पाळणाघर कसं आहे एवढ्यावरच ठरत नाही, या दोन जागांचं आपसातलं दळणवळण कसं आहे त्यावरही ठरते. हे फार रोजच्या पातळीवर खरं आहे. दात येतायत म्हणून बाळ रात्रभर जागं होतं, हे ताईंना सकाळी कळलं तर दुपारची किरकिर हट्टीपणाच्या खात्यात जात नाही.

पुढच्या पायऱ्या मुख्यतः पाळणाघर चालवणाऱ्यांसाठी आहेत. पालकांसाठीचं शेवटाकडे आहे.

पायरी १ : पहिल्या भेटीत विचारायचं जास्त, सांगायचं कमी

प्रवेशाच्या भेटीत आपण खोल्या, खेळणी, वेळापत्रक दाखवत सुटतो. पालकांना ते पाहायचं असतंच, पण पहिल्या भेटीत खरा विश्वास बसतो तो तुम्ही विचारलेल्या प्रश्नांमुळे. फॉर्मवरची माहिती वेगळी आणि ही वेगळी:

- झोप कशी लागते? मांडीवर, थोपटून, की आपली आपण? झोपताना हातात काय लागतं?
- रडायला लागलं की घरी काय केलं तर थांबतं?
- शी-शूसाठी, पाण्यासाठी, आवडत्या खेळण्यासाठी मूल कोणता शब्द वापरतं?
- कशाची भीती वाटते? मोठा आवाज, अंधार, डोक्यावरून पाणी?
- घरात कोण कोण आहे, आणि न्यायला कोण येऊ शकतं? कोणाच्या हाती अजिबात द्यायचं नाही?

शब्दांचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण दीड वर्षाचं मूल पाण्याला स्वतःचाच काहीतरी शब्द वापरत असेल आणि ताईंना तो माहीत नसेल, तर ते मूल तहानेलं राहून रडतं आणि सगळे म्हणतात, 'अजून रुळलं नाही.'

आणखी एक प्रश्न, जो फारसं कोणी विचारत नाही: 'बाळाने पहिलं पाऊल इथे टाकलं, तर तुम्हाला सांगू का?' काही पालकांना लगेच फोन हवा असतो. काहींना ते स्वतःच्या डोळ्यांनी पहिल्यांदा पाहायचं असतं. दुसऱ्या गटातल्या पालकांना एवढंच सांगावं, 'आज आधार सोडून उभी राहिली, संध्याकाळी लक्ष ठेवा हं.' मात्र त्यांनी थेट विचारलं तर खरं सांगायचं.

आपल्या मर्यादाही याच भेटीत सांगून टाका. एका ताईकडे किती मुलं असतात, आजारी मुलाला का घेता येत नाही, कोणत्या बाबतीत प्रत्येक मुलासाठी वेगळी सोय करणं जमत नाही. नंतर सांगितलेली मर्यादा सबब वाटते.

पायरी २ : नियम कागदावर, तेही एका पानात

वेळ, फी, सुट्ट्या, उशीर झाल्यास काय, आजारपणात काय, औषध देण्याची पद्धत, फोटोंची परवानगी, सोडताना किती आधी कळवायचं. एवढं लिहा, वाचून दाखवा, दोघांनी सही करा. तोंडी ठरलेलं प्रत्येकाला आपापल्या सोयीने आठवतं. दहा पानांची नियमावली मात्र नको, ती कोणी वाचत नाही आणि ऐन वेळी फक्त भांडणाला उपयोगी पडते.

पायरी ३ : रुळण्याचे दिवस घाईत उरकू नका

सगळ्यात जास्त नाती इथेच बिघडतात, म्हणून जरा थांबून बघू.

साधारण आठ-नऊ महिन्यांपासून बाळाला ओळखीचं आणि अनोळखी माणूस यांतला फरक ठळकपणे जाणवू लागतो आणि आई-बाबा नजरेआड झाले की ते घाबरतं. पहिल्या वाढदिवसाच्या आधी-नंतरचे महिने यात सर्वांत कठीण असतात. बहुतेक मुलांमध्ये दोन-तीन वर्षांपर्यंत ही भीती ओसरते. पालकांना हे आधीच सांगून ठेवलं तर दारातलं रडणं त्यांना स्वतःचा अपराध वाटत नाही आणि तुमचा दोषही वाटत नाही.

जर्मनीत १९८० च्या दशकात आखलेली 'बर्लिन पद्धत' पाहण्यासारखी आहे. पहिले तीन दिवस आई किंवा बाबा मुलासोबत पाळणाघरातच साधारण तासभर बसतात आणि मुलाला सोडून कुठेही जात नाहीत. ते कोपऱ्यात शांत बसतात, मूल जवळ आलं तर घेतात, पण स्वतःहून त्याला खेळात ढकलत नाहीत. त्या वेळात ताई हळूहळू ओळख वाढवतात. चौथ्या दिवशी पालक मुलाचा निरोप घेऊन खोलीबाहेर जातात, जास्तीत जास्त अर्ध्या तासासाठी, आणि इमारतीतच थांबतात. मूल रडलं आणि ताईंच्या कुशीत शांत झालं, तर पुढच्या दिवसांत वेळ वाढवायची. शांत झालंच नाही तर लगेच पालकांना आत बोलवायचं आणि आणखी काही दिवस सोबत बसवायचं. मूल ताईंकडून समजूत काढून घेतंय का, ही इथली कसोटी आहे. अजिबात न रडणं ही कसोटी नव्हे.

प्रत्येक पालकाला इतकी रजा मिळेलच असं नाही. मग आजी, आजोबा, मावशी कोणीही ओळखीचं चालेल, दिवस कमी झाले तरी चालतील. पण एक गोष्ट सोडू नका: गुपचूप निघून जायचं नाही. मूल खेळात रमलंय तोवर सटकून जा, असा सल्ला अनुभवी माणसंही देतात. त्याने त्या दिवशीचं रडणं टळतं हे खरं, पण दुसऱ्या दिवसापासून मूल पालकांचं बोट सोडत नाही, कारण आई कधी नाहीशी होईल याचा भरवसा उरत नाही. निरोप छोटा, ठरलेला आणि रोज तोच असावा. एक मिठी, 'झोपून उठलास की मी येते' असं एक वाक्य, आणि मग मागे न वळता जायचं. दारात तीन वेळा परत येणाऱ्या आईला हे ताईंनीच सौम्यपणे सांगायला हवं.

पहिल्या आठवड्यात सोडून गेल्यावर थोड्या वेळाने पालकांना दोन ओळींचा निरोप पाठवा: 'पाच मिनिटं रडली. आता ठोकळे रचतेय.' आणि रडणं चाळीस मिनिटं चाललं असेल तर चाळीसच लिहा. पहिल्याच आठवड्यात आकडा कमी करून सांगितलात, तर पुढची कोणतीच बातमी पूर्ण खरी वाटणार नाही.

शक्य असेल तर प्रत्येक मुलासाठी एक ठरलेल्या ताई असू द्या. मूल कोणाच्याही कडेवर जाऊ शकतं, पण पालकांना काही विचारायचं तर कोणाला, हे पक्कं हवं. ब्रिटनमध्ये एलिनॉर गोल्डश्मीड यांनी ही कल्पना रुजवली आणि आज इंग्लंडमध्ये प्रत्येक मुलाला अशी एक व्यक्ती नेमून देणं नियमानेच बंधनकारक आहे.

पायरी ४ : दारातली दोन मिनिटं

पालकसभा, स्नेहसंमेलन यांचा उपयोग आहे, पण नातं घडतं ते सकाळी आणि संध्याकाळी दारात. सकाळी पालकांकडून तीनच गोष्टी घ्या: झोप कशी झाली, शेवटचं कधी आणि किती खाल्लं, औषध काही दिलंय का. संध्याकाळी तुम्ही परत द्यायचं: झोप, जेवण, शी-शू, मनःस्थिती आणि दिवसातली एक नेमकी गोष्ट.

नेमकी म्हणजे कशी? 'आज मस्त होता' यातून काहीच कळत नाही. ही नोंद बघा:

'जेवण अर्धं. १ ते २:१० झोप, उठताना थोडी रडारड. डायपर ४ वेळा, शी १. बाहुलीला पांघरूण घालून स्वतः "शूऽऽ" करत होती, मग बाकीच्या तिघांनाही झोपवून आली.'

शेवटच्या ओळीमुळे आईला कळतं की इथे कोणीतरी आपल्या मुलीकडे खरंच पाहत होतं. अशी ओळ रोज सुचायची तर ती घडताक्षणी टिपावी लागते. खिशात छोटी वही ठेवा. संध्याकाळी आठवून लिहायला बसलात की सगळ्या मुलांचा दिवस सारखाच निघतो.

तक्रार दारात सांगू नका. इतर पालक उभे असतात आणि मूल स्वतः ऐकत असतं. 'आज फार त्रास दिला' हे वाक्य मुलाच्या डोक्यावरून पलीकडे फेकलं जातं, पण ते मुलाला कळतं. असं काही असेल तर 'थोडं बोलायचं होतं, रात्री फोन करू का?' एवढंच म्हणा, आणि चिंतेचं नसेल तर तसंही सांगा. नाहीतर आईचा सगळा रस्ता काळजीत जातो.

बऱ्याच पालकांना एक दृश्य खुपतं. मूल दिवसभर छान खेळलेलं असतं आणि आई दारात दिसताच भोकाड पसरतं. आईला वाटतं, इथे काहीतरी खुपत असणार. खरं म्हणजे दिवसभर आवरून धरलेलं मूल हक्काच्या माणसापुढे मोकळं होतं. हे एकदा समजावून सांगा, आणि दुपारच्या खेळाचा फोटो दाखवा. उलटंही घडतं: मूल घरी जायला तयार नसतं, किंवा ताईंनाच 'आई' म्हणतं. आईचा चेहरा तेव्हा उतरतो. ताईंनी ते मिरवायचं नाही. 'ही आपली ताई, आई आली बघ तुझी' असं हसत म्हणून मुलाला तिच्याकडे द्यायचं.

पायरी ५ : वाईट बातमी पालकांना तुमच्याकडूनच कळली पाहिजे

मूल पडतं, खरचटतं, दुसऱ्याला चावतं. एक ते तीन या वयात चावणं अगदी सर्रास आहे, कारण राग आलेला असतो आणि तो सांगायला शब्द नसतात. तरी दंडावरचे दातांचे वण आंघोळ घालताना आईला दिसले आणि पाळणाघरातून कोणी काही बोललंच नव्हतं, तर प्रश्न चावण्याचा राहत नाही. 'अजून काय काय लपवत असतील?' हा होतो.

म्हणून क्रम ठरवून ठेवा. आधी उपचार: जागा साबण-पाण्याने धुणं, गार पाण्याची पट्टी, त्वचा फाटली असेल तर डॉक्टर. मग लगेच पालकांना कळवणं. डोक्याला मार लागला असेल तर वरवर काही दिसत नसलं तरी त्याच क्षणी फोन. पुन्हा पुन्हा उलटी, नेहमीपेक्षा वेगळी गुंगी किंवा झटका आला तर आधी वैद्यकीय मदत आणि त्याच वेळी दुसऱ्या कोणी फोन करायचा. मग नोंद: वेळ, जागा, काय झालं, कोणी पाहिलं, काय केलं. ती पालकांना दाखवून त्यांची सही घ्यायची.

फोनवर बोलताना पहिलं वाक्य मुलाच्या स्थितीचं असावं. 'घाबरू नका हं, पण...' या सुरुवातीइतकं घाबरवणारं दुसरं काही नाही. त्याऐवजी: 'ती ठीक आहे, माझ्याजवळ बसलीय. अकराच्या सुमारास खेळण्यावरून ओढाताण झाली आणि एका मुलाने तिच्या डाव्या दंडाला चावलं. वण आहेत, त्वचा फाटलेली नाही. धुऊन गार पट्टी ठेवलीय.'

कोण चावलं ते सांगायचं नाही. पालक विचारतील, खोदून विचारतील. 'उद्या तुमच्या मुलाबाबत असं झालं तर त्याचंही नाव मी कोणाला सांगणार नाही' हे उत्तर बहुतेकांना पटतं. जे नक्की सांगायला हवं ते म्हणजे आता तुम्ही काय बदललं: ते खेळणं आता दोन आहेत, त्या वेळेला एक ताई तिथेच बसतात. आणि तुम्ही पाहिलंच नसेल, तर 'मी त्या क्षणी पाहिलं नव्हतं' असंच सांगा. रचलेली गोष्ट दुसऱ्या वेळी सांगताना बदलते.

चावणाऱ्या मुलाच्या पालकांशी बोलणं याहून नाजूक असतं. त्यांना लाज वाटते आणि ते घरी मुलाला मारतील अशी शक्यता असते. 'या वयात होतं, घरी शिक्षा करू नका, कधी आणि कशावरून होतं ते आपण दोघं टिपू' असं सुरुवातीलाच म्हणा.

पायरी ६ : मतभेद झाले तर

नेहमीचं उदाहरण झोपेचं. आई म्हणते, 'दुपारी झोपवू नका, रात्री अकरापर्यंत जागतो.' ताईंना दिसतं की न झोपवल्यास चार वाजता तो बसल्या जागी पेंगतो. इथे कोण बरोबर यावर वाद घातला तर तो संपतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार एक-दोन वर्षांच्या मुलांना दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास आणि तीन-चार वर्षांच्या मुलांना १० ते १३ तास झोप हवी. एक आठवडा दोन्हीकडे झोपेच्या वेळा लिहा आणि बेरीज करा. मग लवकर झोपवून पाऊण तासात उठवायचं की दुपारी नुसतं पडून राहायचं, हे वहीकडे बघून ठरतं. आईची अडचण रात्रीची आहे हे आधी कबूल केलंत तर निम्मा ताण तिथेच उतरतो.

काही बाबतीत मात्र तडजोड नाही. वर्षाच्या आतलं बाळ घरी पोटावर झोपत असलं तरी पाळणाघरात ते पाठीवरच झोपवायचं. अमेरिकेत १९९४ मध्ये पाठीवर झोपवण्याची मोहीम सुरू झाल्यावर काही वर्षांतच बाळांचे झोपेतले आकस्मिक मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. मारणं, कोंडणं, जबरदस्तीने भरवणं यांना पालकांची परवानगी असली तरी नाही. नकार देताना माफीचा सूर नको आणि उपदेशाचाही नको. 'आमच्याकडे हे करत नाही' आणि एका वाक्यात कारण, पुरे.

पायरी ७ : वाढीबद्दल शंका आली तर

नावाने हाक मारल्यावर मूल वळत नाही, किंवा येत असलेले शब्द बोलेनासं झालं. अशा वेळी गप्प बसणं मुलाला महागात पडतं आणि निदान सांगणं तुमचं काम नाही. दोन-तीन आठवडे नोंदी ठेवा, मग वेळ ठरवून, दार बंद करून बोला. येत असलेलं कौशल्य हरवत असेल तर थांबू नका, लगेच बोला. 'मी हे पाहिलं' एवढंच सांगा. 'मागून हाक मारली तर बरेचदा लक्ष देत नाही, समोरून मारली तर देतो. घरी कसं असतं?' कोणत्याही आजाराचं नाव काढू नका. 'डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या, कान तपासायला सांगा' इथपर्यंत जा. पालक चिडले तरी वाद घालू नका. बरेच जण काही दिवसांनी स्वतःहून विषय काढतात. तेव्हा 'मी सांगितलं होतं' म्हणायचं नाही.

पायरी ८ : आजार, पैसे, उशीर आणि मोबाइल

आजारपणाचा नियम सगळ्यांना एकच असावा, ओळखीच्यांना वेगळा नको. तापाच्या औषधाविना २४ तास ताप नसेल तरच परत, ही अनेक ठिकाणी पाळली जाणारी पद्धत सोयीची आहे.

फी थकली तर आठवण लेखी आणि खासगीत, मुलासमोर कधीच नाही. उशिराबद्दल पहिल्यांदा सूट द्यायची असेल तर द्या, पण 'या वेळी धरत नाही' असं सांगून द्या. मनात राग ठेवून हसत राहणं सगळ्यात वाईट, तो राग मुलावर निघतो.

पालकांच्या ग्रुपवर फक्त सामायिक सूचना टाका. एका मुलाबद्दलचं त्याच्याच पालकांना. फोटोत दुसऱ्याचं मूल दिसत असेल आणि त्याच्या घरच्यांची परवानगी नसेल तर फोटो पाठवू नका. तातडीचं काही असेल तर फोन, बाकीच्या मेसेजना ठरलेल्या वेळेतच उत्तर, हे पहिल्या दिवशी सांगा. रात्री साडेदहाला एकदा उत्तर दिलंत की तीच तुमची वेळ ठरते.

पालकांनी काय करायचं

सकाळी पॅरासिटामॉल देऊन मूल सोडलं असेल तर सांगा. औषधाचा असर चार ते सहा तास राहतो, म्हणजे दुपारी ताप चढणार आणि पहिला डोस कधी दिला होता हे कोणालाच माहीत नसणार. घरात काही घडलं असेल, भांडण, आजारपण, बाबांचा दौरा, तर तपशील नको, 'घरी जरा ताण आहे' एवढं पुरतं. तक्रार असेल तर आधी ताईंना, मग चालकांना, आणि ग्रुपवर कधीच नाही. मुलासमोर पाळणाघराला नावं ठेवू नका, दुसऱ्या दिवशी त्याला तिथेच सोडायचं असतं. उशीर होणार असेल तर निघण्याआधी कळवा, पोहोचल्यावर कारणं सांगून उपयोग नाही. आणि एखादी गोष्ट आवडली तर तीही नेमकी सांगा. 'तुम्ही शिकवलेलं हात धुण्याचं गाणं तो आम्हा सगळ्यांना म्हणायला लावतो' हे ऐकून ताईंचा पुढचा आठवडा बरा जातो.

मूल पाळणाघर सोडतं तेव्हा

मोठं होऊन शाळेत जात असेल किंवा घर बदलत असेल, मुलाला चार-पाच दिवस आधी सांगायचं आणि दोन्हीकडून सारख्याच शब्दांत. ताई बदलणार असतील तर जुन्या आणि नव्या ताईंनी काही दिवस एकत्र काम करावं. पालकांना झोपेच्या, खाण्याच्या सवयींचं एक पान लिहून द्या, नव्या जागी उपयोगी पडतं. मुलाचे फोटो ग्रुपवर आणि फोनमध्ये राहू द्यायचे की काढायचे, ते विचारून घ्या. 'आमच्याकडे काय खटकलं?' हे शेवटच्या दिवशी विचारलंत तर सगळे छानच म्हणतील. पंधरा दिवसांनी फोन करा. मूल आता तुमच्याकडे नसतं, त्यामुळे पालक मोकळेपणाने बोलतात, आणि तुमच्या दारात दिवसभर नेमकं काय चुकतंय ते बरेचदा त्याच फोनवर पहिल्यांदा कळतं.